बुडालेला भाऊ चुकीच्या पाताळात

वाचकाचे पत्र

पतीच्या नोकरीनिमित्त मी तीन वर्षे मेक्सिको सिटीत राहिले आणि मागच्या वर्षी पुण्याला परतले. तिथे ऐकलेल्या भुताखेतांच्या गोष्टींवरून नऊ ते बारा वर्षांच्या मुलांसाठी मी मराठीत एक अद्भुतरम्य भयकादंबरी लिहिली आहे. सोचिमिल्कोच्या कालव्यांकाठी राहणारी अकरा वर्षांची मुलगी मृतांच्या दिवशी, म्हणजे १ नोव्हेंबरच्या रात्री, बुडून गेलेल्या धाकट्या भावाला परत आणण्यासाठी मृतांच्या लोकात, मिक्त्लानमध्ये, उतरते, अशी ती गोष्ट आहे. तिच्या सोबतीला एक रंगीबेरंगी आलेब्रिखे आहे. वाटेत ला योरोना ही रडणारी बाई, रूप पालटणारा नावाल, चुपाकाब्रा आणि पाताळाची राणी कात्रीना असे सगळे भेटतात. माझ्या दहा वर्षांच्या भाचीने वाचून सांगितले, "मजा आली, पण भीती नाही वाटली." शिक्षिका असलेल्या मैत्रिणीचे मत नेमके उलट आहे: स्वतःची मुले बुडवणारी बाई मुलांच्या पुस्तकात मुळीच नको. शिवाय माझी मलाही शंका आहे. त्या देशाची गोष्ट लिहिण्याचा मला अधिकार आहे का? आणि मराठी मुलांना समजावे म्हणून योरोनाला हडळ, मिक्त्लानला यमलोक आणि त्या सणाला पितृपक्ष म्हणावे का? सारांश आणि पहिली तीन प्रकरणे सोबत पाठवली आहेत.

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमची भाची आणि तुमची मैत्रीण यांची मते एकमेकींच्या विरुद्ध आहेत असे तुम्ही समजता; पाठवलेला मजकूर वाचल्यावर मला मात्र दोघींनी एकाच जागी बोट ठेवलेले दिसते. भाचीला भीती वाटली नाही, कारण तुमच्या गोष्टीतली भुते जत्रेतल्या देखाव्यांसारखी एकामागून एक येतात, डोळे वटारतात आणि पुढच्याला जागा करून देऊन निघून जातात. मैत्रीण धास्तावली, कारण त्या गर्दीतही पाण्यात गेलेले मूल तिच्या नजरेतून सुटले नाही. नायिकेचा भाऊ कसा बुडाला हे तुमच्या सारांशात जेमतेम एका ओळीत आले आहे, "त्या दिवशी तो तिच्या हातातून सुटला होता", आणि त्यानंतर त्या हाताचा उल्लेख पुन्हा कुठेही येत नाही. तुमची कादंबरी त्या ओळीत आहे. बाकीचे काय ठेवायचे आणि काय काढायचे, हे त्या सुटलेल्या हाताला विचारून ठरवा.

आधी गर्दीकडे पाहू, आणि त्यासाठी तुमच्या भुतांचे जन्मदाखले तपासू. तुमच्या सारांशात सगळीच भुते "हजारो वर्षांपूर्वीची" आहेत. चुपाकाब्रा हा बकऱ्यांचे रक्त पिणारा प्राणी १९९५ साली प्वेर्तो रिकोत पहिल्यांदा बातम्यांमध्ये आला आणि तिथून मेक्सिकोत पोहोचला. तो तुमच्यापेक्षाही वयाने लहान असण्याची शक्यता आहे. आलेब्रिखे त्याहून थोडे जुने. मेक्सिको सिटीत कागदाच्या लगद्याच्या आकृत्या बनवणारे पेद्रो लिनारेस १९३६ साली तापाने फणफणले असताना त्यांना स्वप्नात पंखांची गाढवे आणि शिंगांचे कोंबडे असे चित्रविचित्र प्राणी दिसले, ते सगळे "आलेब्रिखे" असा एकच अर्थहीन शब्द ओरडत होते, आणि बरे झाल्यावर लिनारेस यांनी ते प्राणी लगद्यातून घडवायला घेतले. पुढे ओआहाकाच्या सुतारांनी तेच लाकडात कोरले. ही एका कारागिराची कल्पना आहे, आणि ती त्याच्या नावाने सांगितली तर अधिक शोभते; आत्म्याला वाट दाखवणारा प्राचीन प्राणी ही तिची ओळख अलीकडच्या चित्रपटाने करून दिलेली आहे. कात्रीनाही पाताळाची राणी नव्हे. खोदचित्रकार होसे ग्वादालूपे पोसादा यांनी, १९१३ साली ते वारले त्याच्या अगोदर थोड्याच काळात, युरोपीय टोपी घालून मिरवणाऱ्या, स्वतःचे मूळ लपवणाऱ्या बायकांची टिंगल म्हणून ती कवटी कोरली. दिएगो रिवेरा यांनी १९४७ च्या भित्तिचित्रात तिला अंगभर पोशाख दिला आणि तिच्या हाताला धरून उभा असलेला लहान मुलगा म्हणून स्वतःलाच रंगवले. मृतांची खरी राणी मिक्तेकासिवात्ल. ती तुमच्या हस्तलिखितात कुठेच नाही.

याच ओघात एक चूक, जी मेक्सिकोतला कोणताही वाचक पहिल्या बैठकीत पकडेल. दुसऱ्या प्रकरणात आजी आपल्या लहानपणीची, साठ वर्षांपूर्वीची, मृतांच्या दिवसाची भव्य मिरवणूक आठवते. मेक्सिको सिटीतली ती मिरवणूक २०१६ साली सुरू झाली. आदल्या वर्षी आलेल्या एका ब्रिटिश हेरपटात तशी मिरवणूक दाखवली होती, ती पाहून पर्यटक येतील म्हणून शहराने ती खरोखरच काढायला घेतली. आजीला कब्रस्तानातली रात्र आठवू द्या: मेणबत्त्या, कोपाल या धुपाच्या धुराने चुरचुरणारे डोळे आणि आईच्या शालीखाली लागलेली झोप.

चुपाकाब्रा, आलेब्रिखे आणि कात्रीना यांना म्हणून निरोप द्यावा लागेल. नावाल अस्सल आहे आणि जुनाही, पण तुमच्या गोष्टीत त्याला काही काम नाही. त्याला दुसऱ्या पुस्तकासाठी राखून ठेवा. उरली योरोना. ती एकटी पुरेल का, असे तुम्ही विचाराल. तिच्यासोबत तिचे पाणी आले तर पुरेल.

तुम्ही सोचिमिल्कोला गेला आहात, फुलांच्या कमानीच्या होडीत बसला आहात, हे पहिल्या प्रकरणावरून कळते. पण ते पाणी तिथे कुठून आले याची तुमच्या नायिकेला कल्पना नाही, आणि ती तर तिथली आहे. आजचे मेक्सिको सिटी एका सरोवरावर वसलेले आहे. १५२१ साली स्पॅनिश सैन्याने जिंकलेले तेनोच्तित्लान हे मेशिका, म्हणजे अॅझ्टेक, लोकांचे त्या सरोवरातल्या बेटावरचे नगर होते. नव्या राज्यकर्त्यांना पाण्याशी जमवून राहता आले नाही, १६२९ चा पूर शहरात पाच वर्षे मुक्कामाला राहिला, आणि मग पिढ्यान्पिढ्या ते सरोवर उपसून बाहेर काढण्यात गेल्या. त्याचा जो काही तुकडा शिल्लक आहे, तो म्हणजे सोचिमिल्कोचे कालवे आणि त्यांच्यामधली चिनांपा, म्हणजे गाळ उपसून पाण्यात रचलेली शेते. जिथे एक अख्खे सरोवर मारले गेले, तिथल्या उरलेल्या पाण्याकाठी रात्री कोणी रडत असेल तर त्यासाठी वेगळे कारण शोधावे लागत नाही.

ती रडतेही फार जुन्या काळापासून. बेर्नार्दिनो दे साआगुन या फ्रान्सिस्कन पाद्र्याने सोळाव्या शतकात नावात्ल या मेशिकांच्या भाषेच्या जाणकारांना हाताशी धरून बारा भागांचा जो प्रचंड ग्रंथ सिद्ध केला, त्यात स्पॅनिश येण्यापूर्वीचे आठ अपशकुन नोंदवले आहेत. त्यांतला सहावा असा की रात्री एका बाईचे रडणे ऐकू येई. मुलांनो, आता आपल्याला जावे लागणार, तुम्हाला मी कुठे नेऊ, असे ती म्हणे. नवऱ्याने टाकले म्हणून मुलांना नदीत बुडवणारी आणि मग "आय, मिस इखोस", अगं बाई माझी मुले, असा टाहो फोडत फिरणारी पांढऱ्या वस्त्रांतली बाई ही गोष्ट नंतर आकाराला आली. तुमच्या मैत्रिणीला पहिली बाई चालेल, दुसरी चालणार नाही. माझे मत असे, की तुमच्या नायिकेने दोन्ही ऐकलेल्या असाव्यात, एक आजीकडून आणि एक शाळेतल्या मुलांकडून, आणि यांतली खरी कोणती हे तिला शेवटपर्यंत ठरवता येऊ नये.

आता त्याच ग्रंथातला एक प्राणी देतो, जो तुमच्या यादीत नाही आणि ज्याच्यासाठी मी बाकीचे चारही आनंदाने सोडीन. त्याचे नाव आवित्सोत्ल. लहान कुत्र्याएवढा, काळा, गुळगुळीत. पाण्याच्या तळाशी राहतो आणि शेपटीच्या टोकाला त्याला माणसासारखा हात असतो. त्या हाताने तो काठावरच्या माणसाला आत ओढतो. काही दिवसांनी प्रेत वर येते तेव्हा अंगावर जखम नसते, पण डोळे, दात आणि नखे गेलेली असतात. आणि बरेच दिवस शिकार मिळाली नाही की हा प्राणी काठावर येऊन तान्ह्या मुलासारखा रडतो, म्हणजे कोणाला तरी दया येईल आणि ते मूल शोधायला पाण्याजवळ येईल.

तुमच्या नायिकेने एका बेसावध क्षणी भावाचा हात सोडला आहे. रात्रीच्या कालव्यावर तिला रडणे ऐकू येते. मोठ्या बाईचे रडणे असेल तर पळायला हवे. लहान मुलाचे असेल तर धावत जायला हवे, कारण तो भाऊ असेल. आणि लहान मुलाचे असेल तर तो भाऊ नसण्याचीच शक्यता जास्त. योरोनाबद्दल अनेक ठिकाणी सांगतात की तिचे रडणे जवळून आले तर ती दूर असते आणि दूरवरून आले तर ती अगदी मागे उभी असते. या दोन नियमांवर तुमचा मधला सगळा भाग उभा राहू शकतो. नियम ठाऊक झालेले मूल पान उलटण्याआधी स्वतःच कान देऊन ऐकू लागते, आणि तुमच्या भाचीला जी भीती मिळाली नाही ती तिला तिथे मिळेल.

सोबतीला प्राणी हवाच असेल तर कालव्यातला आखोलोते घ्या. वीतभर लांबीचा, गळ्याभोवती कल्ल्यांची झालर असलेला, तुटलेला पाय पुन्हा उगवणारा हा जलचर रानात आता सोचिमिल्कोच्या परिसरापुरताच आणि तिथेही फार थोडा उरला आहे. त्याची कथा अशी, की सूर्याला गती मिळावी म्हणून सगळे देव मरायला तयार झाले, पण शोलोत्ल नावाचा देव रडत पळाला. आधी तो मक्याच्या शेतात लपला, मग निवडुंगासारख्या घायपाताच्या झुडपांत, आणि शेवटी पाण्यात शिरून आखोलोते झाला. तिथे मात्र सापडला. मरणाला भिऊन पळालेला देव मृतांच्या वाटेवर सोबतीला असणे, यात विनोदही आहे आणि दुसरेही काही आहे. तुमचे आलेब्रिखे फक्त शूर आणि रंगीत होते.

आता शीर्षकातल्या चुकीकडे येतो. तुमचा बुडालेला भाऊ मिक्त्लानमध्ये नाही. मेशिका लोकांच्या समजुतीनुसार माणूस मेल्यावर कुठे जाईल हे तो कसा वागला यावर नव्हे, तर कसा मेला यावर ठरत असे. आजारपणाने किंवा म्हातारपणाने मेलेले मिक्त्लानला जात आणि तिथवर पोहोचायला त्यांना चार वर्षे लागत. बुडालेले, विजेने मेलेले, ते पर्जन्यदेव त्लालोकच्या हिरव्यागार लोकात जात. त्याचे नाव त्लालोकान. तिथे मका आणि भोपळे कधी संपत नसत आणि उन्हाळा कधी सरत नसे. अशा मृतांना इतरांसारखे जाळत नसत, पुरत असत.

ही चूक दुरुस्त करू नका, ती नायिकेला देऊन टाका. तिलाही ठाऊक नसू द्या. ती हट्टाने मिक्त्लानला उतरू द्या, शेवटची नदी ओलांडू द्या. त्या नदीवर कुत्रे माणसाला पाठीवरून पलीकडे नेतात, पण पांढरा कुत्रा म्हणतो की मी आत्ताच अंघोळ केली आहे, काळा म्हणतो की मी आत्ताच माखलो आहे, आणि शेवटी पिवळा तेवढा तयार होतो. हे साआगुनच्या ग्रंथातलेच आहे, मी रचलेले नाही, आणि दहा वर्षांच्या वाचकाला इथे हसू आल्याशिवाय राहणार नाही. (इथे धर्मराजाच्या कुत्र्याची आठवण तुम्हाला होईल, ती तुमच्यापाशीच ठेवा.) मग ती मृतांच्या राजासमोर, मिक्त्लान्तेकुत्लीसमोर, उभी राहते. मेक्सिको सिटीतल्या तेंप्लो मायोर संग्रहालयात त्याची माणसाएवढी मातीची मूर्ती तुम्ही पाहिली असेल: थोडा पुढे वाकलेला, हसरा, आणि बरगड्यांखालून यकृत लोंबत असलेला. तो अतिशय सौजन्याने भावाचे नाव विचारतो, वाट पाहायला लावतो, आणि सांगतो, "या नावाचे इथे कोणी आलेले नाही." तुमच्या सध्याच्या मसुद्यात याच जागी कात्रीनाशी तलवारीची लढाई आहे. दोन्हींपैकी कोणत्या प्रसंगानंतर मूल दिवा लावून झोपेल, याचा विचार करा.

तारखांचाही मेळ बसवावा लागेल, आणि तो बसवताना गोष्टीला आपोआप एक घड्याळ मिळेल. १ नोव्हेंबरच्या रात्री तुमची नायिका निघते. पण लहान मुलांचे आत्मे ३१ ऑक्टोबरच्या रात्री येतात आणि १ तारखेच्या दुपारपर्यंत परततात, त्यानंतर मोठ्यांची पाळी असते. म्हणजे ती निघते तेव्हा भावाची वेळ टळून गेलेली आहे. शिवाय मेक्सिकोत अनेक ठिकाणी अपघाताने गेलेल्यांसाठी २८ ऑक्टोबर हा वेगळा दिवस पाळतात. गोष्ट २७ च्या रात्री सुरू करा आणि १ तारखेच्या दुपारी संपवा. जुना मेशिका विश्वास आणि कॅथलिक सण यांची ही सरमिसळ चालेल का, अशी शंका आणू नका. तिथल्या घराघरांत ती चारशे वर्षे चाललेली आहे.

शेवटाबद्दल मी थोडे कठोर बोलणार आहे. तुमचा भाऊ जिवंत होऊन घरी येतो. हा शेवट मी छापणार नाही. ज्या मुलाने सख्खे भावंड गमावले आहे, असे मूल प्रत्येक शाळेत कुठल्या ना कुठल्या वर्गात बसलेले असते, आणि ते हे पुस्तक मिटून ठेवताना एवढेच समजेल की आपण पुरेसे शूर नव्हतो. या वयाच्या वाचकांसाठीच्या पुस्तकात आशा असावी हा संकेत मलाही मान्य आहे. त्लालोकानमध्ये भाऊ भेटतो, त्याच्या तोंडाला मक्याचे दाणे लागलेले आहेत, तो तिला ओळखतो आणि खेळायला परत जातो, एवढी आशा मला पुरते. हात कोणी सोडला हे तिने त्याला विचारावे आणि त्याला ते आठवूच नये. योरोनाला मात्र सगळे आठवते आहे, म्हणून ती चारशे-पाचशे वर्षे काठाकाठाने फिरते आहे. ही दोन पाने एकमेकांसमोर आली की योरोना तुमच्या पुस्तकात का आहे, हे मैत्रिणीला वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

मैत्रिणीच्या आक्षेपाचे उत्तर इथेच संपत नाही, कारण तिचा अर्धा मुद्दा बरोबर आहे. बुडवण्याचा प्रसंग दाखवू नका. तो घडून गेलेला असावा, सांगितलेला असावा, आणि सांगणारी आजी त्या जागी आली की भाजी निवडायला लागावी. मेक्सिकोत ही गोष्ट आया आणि आज्याच मुलांना सांगतात, अंधार पडल्यावर पाण्याजवळ जाऊ नये म्हणून. तुमच्या नायिकेच्या कुटुंबातही ती तशीच सांगितली गेली होती आणि तरी भाऊ गेला. मग ती सांगणाऱ्या आजीचे काय झाले असेल? पाठवलेल्या तीन प्रकरणांत आजी नुसती टोपलीभर भाकरी भाजते. तिला बोलते करा.

आता तुमच्या तिसऱ्या प्रकरणातले वाक्य घेतो: "तिचे डोळे निखाऱ्यासारखे लाल होते, मोकळे केस वाऱ्यावर भुरभुरत होते आणि तिच्या किंकाळीने आसमंत थरारून गेला." ही बाई कोणत्याही गावाच्या कोणत्याही वडाखाली उभी राहू शकते, आणि मुलांनी तिला मालिकांमध्ये इतक्या वेळा पाहिले आहे की तिचा मेकअपसुद्धा त्यांना पाठ आहे. याउलट सोचिमिल्कोची होडी वल्ह्याने चालत नाही. कालवा उथळ आहे, नावाडी उभा राहून लांब काठी तळाच्या गाळात रोवतो आणि होडी पुढे रेटतो. हे तुम्ही पाहिले आहे. तर रात्र आहे, नायिका एकटी काठी रोवते, आणि काठी गाळातून निघत नाही. ती जोर लावते. खालून कोणीतरी तेवढाच जोर लावते, न जास्त न कमी. मग एकदम काठी सुटते, वर येते, आणि तिच्या टोकाला लागलेल्या काळ्या चिखलात पाच बोटांचे ठसे आहेत, तिच्या स्वतःच्या बोटांपेक्षा लहान. ती आपला हात त्यांवर ठेवून पाहते. इथे थांबा; किंकाळी नको, विशेषण नको, प्रकरण संपवा.

तुमच्या हातून असे लिहून होते याचा पुरावा पहिल्याच प्रकरणात आहे. ओफ्रेंदा, म्हणजे मृतांसाठी मांडलेला चौथरा, तुम्ही शेजाऱ्यांच्या घरी जवळून पाहिलेला दिसतो: मिठाची बशी, फोटो, पाव, भावाची एकच चप्पल कारण दुसरी सापडली नाही, आणि तहानलेल्या आत्म्यासाठी भरून ठेवलेला पेला, ज्यातले पाणी सकाळी बोटभर खाली गेलेले असते. ते बोटभर पाणी वाचून मी हस्तलिखित क्षणभर खाली ठेवले. मग पुढच्याच ओळीत तुम्ही खुलासा केला आहे की ते भुताने प्यायले होते. तो खुलासा काढून टाका.

शब्दांचा प्रश्न राहिला. योरोनाला हडळ म्हणू नका. हडळीचे आपल्याकडे स्वतःचे चारित्र्य आहे, तिचे पाय आणि तिचे झाड ठरलेले आहे, आणि तो शब्द उच्चारताच मराठी मूल सोचिमिल्कोहून उठून थेट आजोळच्या परसात जाऊन बसेल. (हडळीची खरी नातेवाईक तिथे वेगळीच आहे: बाळंतपणात मेलेल्या बायका, सिवातेतेओ, ज्या ठरावीक दिवशी तिठ्यांवर उतरून लहान मुलांना बाधतात आणि ज्यांच्या भीतीने आया त्या दिवशी मुलांना घरात कोंडत. पण तो विषय इथे नको.) पहिल्यांदा "योरोना, रडणारी" असे एकदा सांगितले की पुढे नाव पुरेसे आहे. मुलांना अनोळखी नावे आवडतात. त्यांचा कंटाळा मोठ्यांना येतो. फक्त उच्चार नीट द्या. तुम्ही दोन ठिकाणी "लोरोना" लिहिले आहे, तिथे स्पॅनिश "ll" या जोडअक्षराचा उच्चार "य" होतो. शेवटी शब्दार्थांची यादी जोडू नका, वाक्यानेच अर्थ सांगावा.

यमलोकही नको, कारण यमाकडे हिशेब होतो आणि मिक्त्लानमध्ये होत नाही. तुमच्या नायिकेला शिक्षेची भीती नाही, पत्ता चुकण्याची आहे. पितृपक्ष तर अजिबात नको. पितरांना जेवू घालण्याची कल्पना सारखी आहे, हे खरे; पण आपण त्या पंधरवड्यात नवे कपडेही घेत नाही, आणि तिथे साखरेच्या कवट्यांवर मुलांची नावे लिहून त्या मुलांनाच खायला देतात, शाळेत मुले धडधाकट शिक्षकांच्या मरणावर विनोदी कविता रचतात आणि शिक्षक त्या हसत वाचून दाखवतात. हा हसरेपणा "पितृपक्ष" या शब्दात जिवंत राहणार नाही. तसली एक कविता तुमच्या नायिकेला रचायला लावा, म्हणजे सणाचा स्वभाव अर्ध्या पानात कळेल. मराठी मुलाला ओळखीचे काही हवेच असेल तर ते तिथे आधीपासून आहे. मृतांना घराची वाट दिसावी म्हणून ज्या फुलाच्या पाकळ्या दारापासून ओफ्रेंदापर्यंत पसरतात ते सेंपासुचिल, म्हणजे आपला झेंडू. तो मुळात मेक्सिकोचाच, सोळाव्या शतकानंतर आपल्याकडे आला आणि दसऱ्याच्या तोरणात जाऊन बसला. "झेंडू" असे एकदा लिहा आणि त्याचा उग्र, हाताला राहणारा वास लिहा. बाकी काम मूल करील.

अधिकाराबद्दल. २०१३ साली डिस्ने कंपनीने आपल्या आगामी चित्रपटासाठी "दिआ दे लोस मुएर्तोस" हे सणाचे नावच व्यापारचिन्ह म्हणून नोंदवण्याचा अर्ज केला होता. लोक इतके संतापले की तो मागे घ्यावा लागला. लोकांचा राग परक्याने गोष्ट सांगण्यावर नव्हता, ती मालकीची करून घेण्यावर होता. तुमच्या हस्तलिखितात मालकीचा दोष नाही, घाईचा आहे, आणि तो दुरुस्त होण्यासारखा आहे. नायिकेला पुण्याची करून स्वतःची सुटका करून घेऊ नका. मग ते प्रवासवर्णन होईल आणि मेलेला भाऊ दुसऱ्या कोणाचा तरी. ज्या शेजारणीच्या घरी ओफ्रेंदा पाहिला तिच्याशी संपर्क असेल तर तिला पूर्ण कथानक स्पॅनिशमध्ये सांगा, तिच्या वेळेचे रीतसर मानधन द्या, आणि ती जिथे हसू नये तिथे हसली तर ते टिपून घ्या.

लांबीविषयी थोडक्यात: तुम्ही चौसष्ट हजार शब्द लिहिले आहेत. तीन भुते निघून गेली, नावाल पुढच्या पुस्तकात गेला आणि तलवारीची लढाई रद्द झाली, तर ते पस्तीस-चाळीस हजारांवर येतील, आणि मराठीत या वयाच्या मुलांसाठी तेवढे पुष्कळ झाले.

नवा मसुदा झाला की भाचीला तो वाचायला देऊ नका, तुम्ही स्वतः वाचून दाखवा, संध्याकाळी, आणि भीती वाटली का असे विचारू नका. काठी गाळात अडकते तिथे आवाज न बदलता वाचा. ज्या पानावर ती "थांब जरा" म्हणेल किंवा पाय वर घेऊन बसेल, त्या पानाच्या समासात पेन्सिलीने खूण करा, आणि ती पाने मला पाठवा.